बेटावरचा दिवस तासांत मोजून सांगा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या काही महिन्यांपासून आपल्या पेपरात क्रूझ टूरच्या जाहिराती बऱ्याच येऊ लागल्यात, ग्रीसची चार बेटं, पाच बेटं, जळगाव-धुळ्याहून ग्रुप, शाकाहारी जेवणाची सोय वगैरे, आणि रविवारच्या पुरवणीत पण त्या निळ्या घुमटांचे फोटो असतात. आमच्या कॉलनीतल्याच तीन घरांनी पुढच्या मे महिन्यासाठी पैसे भरलेत. आम्ही मागच्या दिवाळीच्या सुट्टीत, भाऊबीज आटोपल्यावर, असंच जाऊन आलो. मी, आमचे हे आणि सासूबाई (त्यांना आम्ही आत्याच म्हणतो, वय ७१), आणि अमळनेर, पारोळा, चोपडा, धुळे असे मिळून अठ्ठावीस जण होतो. लोक भेटले की विचारतात कसं झालं, मी सगळ्यांना तेच तेच सांगून थकले, म्हणून म्हटलं एकदा पेपरातच लिहू, म्हणजे ज्यांना जायचंय त्यांच्या कामी पडेल.

मला एकच सांगायचंय. जाहिरातीत दिवस लिहिलेला असतो आणि हातात पडतात तास. आमच्या कागदावर सरळ लिहिलं होतं, "सांतोरिनी, पूर्ण दिवस, ओइया गावातून जगप्रसिद्ध सूर्यास्त." आता हा पूर्ण दिवस कसा गेला तो मी घड्याळाप्रमाणं सांगते, कारण त्या दिवशी मी खरंच वेळा डायरीत लिहून ठेवल्यात, शाळेत भूगोल शिकवते त्यामुळं सवयच आहे.

जहाज सकाळी साडेसातला बेटाच्या मधल्या त्या पाण्यात आलं. सांतोरिनी म्हणजे एका ज्वालामुखीचं तोंड आहे, साधारण साडेतीन हजार वर्षांपूर्वी तिथं एवढा मोठा स्फोट झाला की बेटाचा मधला भाग खाली बसला आणि समुद्र आत शिरला, आता जी चंद्रकोरीसारखी कडा उरलीय तिच्यावर ही पांढरी गावं आहेत. आपली काळी माती ज्या दगडाची झाली तो दगड पण लाव्ह्याचाच, फक्त आपला साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा, हे मी नववीच्या पोरांना दरवर्षी शिकवते, पण समोर उभा कापलेला कडा, त्यात काळे, लाल, पांढरे थर, आणि सगळ्यात वर रांगोळीची रेघ ओढावी तसं फिरा गाव, हे डेकवरून बघितल्यावर दोन मिनिटं तोंडातून शब्दच निघाला नाही.

पण त्याच खोल पाण्यामुळं मोठं जहाज काठाला लागत नाही. तळ काही ठिकाणी चारशे मीटरच्या जवळपास खोल आहे. मग छोट्या बोटींतून लोकांना खाली जुन्या बंदरावर सोडतात, याला टेंडर म्हणतात, आणि हा शब्द आमच्यापैकी एकालाही माहीत नव्हता. टेंडरला नंबर असतात, ज्यांनी जहाजाचीच सहल विकत घेतली ते आधी उतरतात, त्यांना तर बऱ्याचदा दुसऱ्या बंदरावरून बसनं थेट वर नेतात, बाकीचे मागून. आमचा नंबर लागला नऊ वीसला. खाली उतरलो तर समोर तोच कडा, वर जायला तीन रस्ते, केबल कार, पायऱ्या किंवा गाढव. पायऱ्या पाचशे ऐंशीच्या वर आहेत. केबल कार ही बेटावरच्या नोमिकोस घराण्याच्या ट्रस्टनं गावाला दिलेली देणगी आहे, छान चालते, तीन मिनिटांत वर नेते, पण एका खेपेला सहा डबे आणि डब्यात सहाच माणसं, म्हणजे छत्तीस. त्या दिवशी पाण्यात तीन जहाजं उभी होती, आता हिशोब तुम्हीच करा. आम्ही वर पोचलो तेव्हा सव्वादहा झाले होते.

आणि परतीची शेवटची टेंडर चार वाजता! वरून खाली यायला पुन्हा तीच रांग, ती दुपारी जास्त लांब असते कारण सगळे एकाच वेळी परततात, म्हणून अडीचला रांगेत उभं राहायलाच पाहिजे. म्हणजे हातात आले सव्वाचार तास. ऑक्टोबरच्या शेवटी तिथं सूर्य मावळतो साधारण साडेपाचला, तेव्हा आमचं जहाज निघूनही गेलं होतं. ज्यानं कागदावर ओइयाचा सूर्यास्त लिहिला त्यानं जहाजाचं वेळापत्रक एकदा तरी बघायला नको होतं का? कंपनीचं नाव मी लिहीत नाही, मला भांडण नको, पण आमच्या ग्रुपमधल्या एका काकांनी आयुष्यभराच्या बचतीतून हे पैसे भरले होते आणि काकूंना तो सूर्यास्त दाखवायचा होता, त्यांचा चेहरा माझ्या डोळ्यासमोरून जात नाही.

वर गेल्यावर ग्रुप लीडर म्हणाला चला पटपट, ओइया, बस पकडायची, फोटो, परत. ओइया अकरा किलोमीटर. जाणं, येणं, बसची वाट बघणं मिळून सहज दीड तास, वर तिथल्या गल्ल्यांत एवढी गर्दी की माणूस माणसाला घासत चालतो. आत्यांना हे झेपणार नव्हतं, म्हणून आम्ही तिघं म्हटलं तुम्ही व्हा पुढं, आम्ही इथंच राहतो. सुरवातीला मला रडूच आलं होतं खरं सांगायचं तर, एवढ्या लांब येऊन ओइयाचे ते निळे घुमट बघायचे राहिले म्हणून. आज वाटतं बरं झालं.

फिराच्या बसस्टँडजवळच एक म्युझियम आहे, प्रागैतिहासिक थिराचं. थिरा हे बेटाचं जुनं नाव. बेटाच्या दक्षिणेला अक्रोतिरी म्हणून जागा आहे, तिथं राखेखाली गाडलं गेलेलं अख्खं गाव स्पिरिडॉन मारिनातोस नावाच्या संशोधकानं १९६७ पासून खणून काढायला सुरवात केली, दोन-तीन मजली घरं, गटारांची सोय, धान्य-तेलाचे रांजण, आणि विशेष म्हणजे माणसांचे सांगाडे सापडले नाहीत, लोक आधीच निघून गेले असावेत असं मानतात. तिथल्या भिंतीवरची काही चित्रं या म्युझियममध्ये ठेवलीत. एका भिंतीवर निळी माकडं आहेत. खडकावर चढणारी, लांब शेपट्या वर वळवलेली, एक तर मागं वळून बघतंय. आत्या काठी टेकून समोर उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "हाऊ ते आपला वांदर शे!" मी आधी हसले, पण मग मला आठवलं, २०१९ मध्ये काही अभ्यासकांनी शेपटीच्या ठेवणीवरून आणि अंगकाठीवरून हेच मांडलंय की ही माकडं आपल्याकडच्या लंगुरासारखी आहेत, आणि ग्रीसमध्ये तर माकडं नव्हतीच, म्हणजे त्या काळात कुठून तरी हात फिरत फिरत ओळख पोचली असणार. सगळे अभ्यासक यावर एकमत आहेत असं नाही. पण सातपुड्याच्या पायथ्याला लहानपण गेलेल्या बाईला ते बघताक्षणी ओळखू आलं, त्या चित्रापुढं आम्ही वीस मिनिटं होतो आणि आजूबाजूला जेमतेम पाच-सहा माणसं. त्याच वेळी आमची मंडळी ओइयाच्या गल्लीत फोटोच्या रांगेत उभी होती.

तिथून बसनं पिर्गोसला गेलो, बेटाच्या मधलं उंचावरचं गाव. बस अगदी आपल्या एसटीसारखी, कंडक्टर गाडीत फिरून तिकीट फाडून देतो, सुट्टे पैसे मागतो. वाटेत द्राक्षाचे मळे लागले आणि आमचे हे खिडकीला चिकटले. मांडव नाही, तार नाही, वेल जमिनीवर गोल गुंडाळून टोपली विणल्यासारखी केलेली आणि घड त्या टोपलीच्या आत वाढतात. वारा एवढा जोरात असतो की उभी वेल टिकणारच नाही. आपल्याकडं रावेर-यावलला केळीच्या कडेनं वाऱ्यासाठी शेवरी लावतात, तर यांनी वेलीलाच तिचं कुंपण करून टाकलंय. नदी नाही, पाऊस कमी, रात्री समुद्रावरून जो दमटपणा येतो तो ज्वालामुखीची हलकी सच्छिद्र माती धरून ठेवते, त्यावर ती वेल जगते. पूर्वी घरोघरी पावसाचं पाणी साठवायचे हौद होते, आता समुद्राचं पाणी गोडं करून वापरतात. आमच्याकडं उन्हाळ्यात आठवड्यानं नळ येतो, त्यामुळं असल्या गोष्टी मला लगेच लागतात, हॉटेलच्या बाथरूममध्ये नळ सोडून देणाऱ्या टुरिस्टनं त्या गावाचा विचार करायला पाहिजे असं मला मनापासून वाटतं.

पिर्गोसच्या चौकात एका छोट्या खाणावळीत बसलो. मालकीणबाई साठीच्या असतील, इंग्रजी जेमतेम. मी म्हटलं मांस नको, मासे नको. त्यांनी तीन ताटल्या आणल्या. एक पिवळी घोटलेली डाळ, वर कच्चा कांदा आणि तेल, तिला फावा म्हणतात, आपल्या लाखेच्या भावकीतलीच डाळ आहे ती, त्या बेटाची खास. दुसरे टमाट्याचे भजे. आणि तिसऱ्या ताटलीत भाजून कुटलेलं वांगं. आत्यांनी ब्रेडचा तुकडा मोडून लावला, तोंडात घातला आणि डोळेच मिटले. "हाई ते आपलं भरीतच शे, फक्त मिरची नई." मग त्या सरळ उठल्या आणि स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभ्या राहिल्या. मला वाटलं बाई रागावतील. पण त्यांनी टोपलीतून एक वांगं काढून आत्यांच्या हातात ठेवलं, पांढरं, मुठीएवढं, देठाकडं जरासं जांभळट, साल एकदम पातळ. आत्यांनी नख न लावता बोटानं दाबून बघितलं, जसं आपण बाजारात बघतो, आणि बी कमी आहे का असं खुणेनं विचारलं, बाईंनी लगेच कापून दाखवलं, आत खरंच बी नसल्यासारखंच. आत्यांनी हातानं कुटायची खूण केली, बडगीत आपण कुटतो ना तशी, बाईंनी मान हलवली आणि काटा दाखवला, म्हणजे त्या काट्यानंच ठेचतात. लसूण दोघींचा सारखा. आत्या अहिराणीत बोलतायत, बाई ग्रीकमध्ये बोलतायत, आणि दोघींचं व्यवस्थित चाललंय. आपल्या जळगावच्या भरीताच्या वांग्याला जीआय (भौगोलिक मानांकन) आहे हे मी मोबाईलवर फोटो दाखवून सांगायचा प्रयत्न केला, किती कळलं माहीत नाही, पण कपाशीच्या काड्यांवर भाजतानाचा फोटो बघून बाई खूप हसल्या. आम्ही सव्वा तास बसलो तिथं, एकदाही कुणी घाई केली नाही.

बिल देताना बाईंच्या मुलानं, त्याला इंग्रजी येत होतं, मला विचारलं किती वाजता जहाज? मी म्हटलं चारला शेवटची बोट. तो म्हणाला आत्ता निघा, अडीचच्या आधी रांगेत लागा. असं कुणी आम्हाला मुंबईपासून तिथपर्यंत सांगितलं नव्हतं. त्यानंच सांगितलं की कडक सीझनमध्ये जहाजं आली की गावातल्या म्हाताऱ्यांना दवाखान्यात जायला पण रस्ता मिळत नाही. बेटाची वस्ती पंधरा-साडेपंधरा हजार, आणि २०२४ च्या जुलैत एका दिवशी नुसत्या जहाजांतून अकरा हजारांच्या आसपास लोक उतरले होते. म्हणून २०२५ पासून त्यांनी दिवसाला आठ हजार जहाजप्रवाशांची मर्यादा घातली, आणि जुलै २०२५ पासून सरकारनं माणशी कर लावला, सांतोरिनी आणि मिकोनोस या दोन बेटांना जून ते सप्टेंबर २० युरो, एप्रिल-मे आणि ऑक्टोबरला १२, हिवाळ्यात ४, बाकी बंदरांना यापेक्षा बराच कमी. आमच्या ग्रुपमध्ये या करावरून फार कुरबुर झाली. मला तो योग्यच वाटतो. सारंगखेड्याच्या यात्रेत गावातल्या लोकांचं काय होतं हे आपल्याला माहीत आहे, आणि ती यात्रा वर्षातून एकदा असते, यांच्याकडं उन्हाळाभर रोजच यात्रा!

खाली यायच्या रांगेत आम्हाला एक तास दहा मिनिटं लागली. ओइयाला गेलेली आमची मंडळी तीनला आली, त्यांच्यासमोरून दोन बस भरून निघून गेल्या होत्या, त्यांच्यात एक मधुमेहाचे काका, त्यांना उभं राहवेना, पाणी संपलेलं, कुणीतरी म्हणालं गाढवावरून जाऊ. तेव्हा आत्या बोलल्या. त्या पायऱ्या इतक्या वर्षांच्या पायाखाली गुळगुळीत झाल्यात, त्यावर लीद, आणि एक गाढव चढून येत होतं, वर धिप्पाड माणूस, "तेना पाय देख, घसरी राह्यना तो," असं म्हणून आत्यांनी तोंड फिरवलं. खूर दगडावर टेकला की अर्धा वीत मागं सरकायचा, मग ते जनावर पुन्हा जोर लावायचं. ग्रीसनं २०१८ मध्ये नियम केलाय की शंभर किलोपेक्षा जास्त किंवा जनावराच्या वजनाच्या पाचव्या हिश्शापेक्षा जास्त ओझं लादायचं नाही, पण त्या पायऱ्यांवर प्रत्येकाचं वजन बघणारा मला तरी कुणी दिसला नाही. कृपा करून आपल्या लोकांनी त्यावर बसू नका, आपण जनावरं सांभाळणारी माणसं आहोत, पोळ्याला बैलापुढं हात जोडणारी. शेवटी रांगेतल्या लोकांनी काकांना पुढं जाऊ दिलं, एका इटालियन मुलीनं स्वतःची पाण्याची बाटली दिली, आणि शेवटच्या टेंडरला सात मिनिटं उरली असताना आमचा ग्रुप पूर्ण झाला. काकूंचे हात थरथरत होते. जहाज कुणासाठी थांबत नाही, फक्त जहाजाचीच सहल घेतली असेल तर तेवढ्यांसाठी थांबतं, हे पण आम्हाला आधी कुणी सांगितलं नव्हतं.

म्हणून जे जाणार आहेत त्यांना हात जोडून सांगते, पैसे भरायच्या आधी एजंटला प्रत्येक बेटाचं विचारा, जहाज किती वाजता येणार आणि सगळ्यांनी परत किती वाजता चढायचं, आणि ते लेखी घ्या. टेंडर आहे का जहाज थेट लागायचा धक्का आहे हे विचारा, यात फार फरक पडतो, ऱ्होड्स बेटाला जहाज जुन्या कोटाच्या भिंतीजवळच लागतं, चालत आत जाता येतं, क्रीट बेटावरच्या हेराक्लिओनला धक्का आहे आणि क्नोसोसचा राजवाडा तिथून पाचेक किलोमीटरवर, तिथं पाच तास पण पुरतात. काही टूरमध्ये सकाळी एक बेट आणि संध्याकाळी दुसरं असतं, ते कागदावर दोन दिवसांसारखं दिसतं, तेवढं नीट बघून घ्या. घड्याळ जहाजाचं धरा, मोबाईलचं नको, कारण बरीच जहाजं मध्ये तुर्कस्तानच्या कुसादासी बंदराला जातात, तुर्कस्तान घड्याळ बदलत नाही आणि ग्रीस ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी एक तास मागं करतो, आमच्या ग्रुपमध्ये त्यावरून एक सकाळ नुसता गोंधळ. कुसादासी असेल तर शेंगेन व्हिसा (ग्रीससकट युरोपातल्या बऱ्याच देशांचा मिळून असतो तो) मल्टिपल एंट्रीचा, म्हणजे बाहेर जाऊन परत आत येता येईल असा, लागतो हे पण बघा. आणि म्हातारी माणसं सोबत असतील तर सांतोरिनीला ओइया सोडून द्या. सहा तासांच्या वर वेळ असेल तर अक्रोतिरी बघा, वरून छप्पर आहे, ऊन लागत नाही. कमी असेल तर फिराचं म्युझियम आणि एक गाव, बस्स.

आपल्याला पण एक विनंती आहे संपादक साहेब. आपल्या पेपरवर इकडं लोकांचा विश्वास आहे, पेपरात आलं म्हणजे खरं असं आमच्या गल्लीत अजून मानतात. तर टूरच्या जाहिराती घेताना "बेटावर प्रत्यक्ष मिळणारे तास" एवढा एक कॉलम त्यांच्याकडून भरून घ्या. फार मोठी गोष्ट नाही ही. आणि पुरवणीत घुमटांच्या फोटोखाली ती केबल कारची रांग पण एकदा छापा, म्हणजे त्या काकांसारखी माणसं मनाची तयारी करून जातील, किंवा दुसरं बेट निवडतील.

पिर्गोसच्या बाईंनी निघताना आत्यांना फाव्याची अर्धा किलोची पिशवी दिली, पैसे घेतले नाहीत. ती डाळ आत्यांनी संक्रांतीपर्यंत तशीच ठेवली होती. परवा शिजवली, घोटली, वरून कच्चा कांदा तिथल्यासारखा आणि लसूण-मिरचीची फोडणी आपली, आणि ज्यांचा सूर्यास्त राहिला त्या काका-काकूंना घरी जेवायला बोलावलं.

आपली,
एक नियमित वाचक, भूगोलाची शिक्षिका
अमळनेर, जि. जळगाव